स्पंजवाला हेडफोन

उत्तमकाकांनी डोळे मिटले, हेडफोन लावलेलं डोकं जरासं कलतं केलं आणि उजव्या हाताचा तळवा माझ्या काउंटरच्या काचेवर सपाट ठेवला. दुकानातला सगळ्यात दणकेबाज हेडफोन मी त्यांच्या कानांवर चढवला होता, कॉलेजची पोरं ज्याच्यासाठी घरी रुसून बसतात तो. गाणं लावलं होतं, आवाज शेवटपर्यंत नेला होता, आणि त्यातलं ढमढम मला काउंटरच्या अलीकडे ऐकू येत होतं.

काकांनी डोळे उघडले आणि मूठ हवेत गोल फिरवली.

"काय म्हनून राहिले?" मी त्यांच्या बायकोला, माणिककाकूंना विचारलं.

"चांगला चालून राहिला म्हनते. पन आयकू काय येते थे इचार न बाप्पा."

मी एका कानावरची गादी उचलली आणि ओरडून विचारलं, गाणारी बाई आहे का माणूस. काकांनी बराच विचार केला. मग रस्त्यावरच्या दोन माणसांनी वळून बघावं अशा आवाजात ते म्हणाले, "गानं हाये का त्याच्यात? मले वाटलं मोटर चालून राहिली."

काकूंनी कपाळाला हात लावला.

तसं पाहिलं तर काकांचं चुकलं नव्हतं. आमच्या शेजारच्या या उत्तमकाकांचं सगळं आयुष्य अकोल्यातल्या एका जिनात, म्हणजे कापूस पिंजणाऱ्या कारखान्यात गेलं. कापसातून सरकी वेगळी करणारं यंत्र म्हणजे रेचा. असे रेचे तिथे ओळीने दिवसभर गरजत असत आणि काका त्यांचे फिटर होते. रेच्याची तब्येत ते हाताने बघायचे. पत्र्यावर तळवा टेकवला की आतला रोलर झिजलाय की पट्टा ढिला पडलाय हे त्यांना समजायचं. माझा हेडफोनही त्यांनी रेचा समजूनच तपासला. थरथर एकसारखी आहे, कुठे घासत नाही, म्हणजे माल चोख. त्यांच्या कसोटीला मी उतरलो होतो. फक्त ऐकायचं तेवढं राहून गेलं होतं.

त्या गरजण्यानेच काकांचे कान हळूहळू नेले. जिनात कुणी बोलत नसे, कारण बोलून उपयोग नसे. तिथली माणसं हातांनी बोलत. मूठ गोल फिरवली की मशीन नीट चालू आहे. अंगठा ओठांशी नेला की पाणी हवं. आणि दोन्ही तळवे उताणे करून पुढे धरले की मशीन बंद आहे, आता हात घाल. या शेवटच्या इशाऱ्याला जिनात मोठा मान होता. रेच्यात काही अडकलं तर ते हातानेच काढावं लागे, आणि फिटरने तळवे दाखवल्याशिवाय कुणी आत हात घालत नसे. ज्यांनी घाई केली त्यांची बोटं शाबूत राहिली नाहीत. काकूही काही हंगाम जिनाच्या आवारात कापसातला कचरा वेचायला जात होत्या. त्यामुळे ही भाषा त्यांना यायची, आणि त्यांच्यामुळे आमच्या अर्ध्या गल्लीला. लहानपणी आम्ही पोरं शाळेत एकमेकांना याच इशाऱ्यांनी उत्तरं सांगायचो आणि मार खायचो.

आता माझ्याविषयी. मी धर्मेंद्र. टिळक रोडच्या मागच्या बोळात माझं मोबाइलच्या सटरफटर सामानाचं दुकान आहे, आणि हेडफोन कसा ओळखावा याबाबतीत मी कुणाचं ऐकून घेत नाही. लोक येतात, कानाला लावतात, आवाज मोठा करतात आणि म्हणतात, भारी आहे. मोठा आवाज म्हणजे चांगला आवाज असं समजणं म्हणजे तिखट जास्त म्हणून भाजी चांगली म्हणण्यासारखं आहे. माझी पद्धत वेगळी. आधी माझ्या फोनमधलं एक जुनं गाणं हळू आवाजात लावायचं. त्यात तबला, बासरी आणि बाईचा आवाज तिन्ही सुटे सुटे ऐकू आले पाहिजेत, खिचडी होता कामा नये. मग तो हेडफोन तसाच कानावर ठेवून दुकानातली कामं करायची. चांगला असेल तर आपण तो घातलाय हे विसरतो. वाईट असेल तर आधी कानाची पाळी कुरकुरते, मग डोक्याच्या मधोमध दुखतं, मग बायको काही बोलली की उगाच राग येतो. आणि तिसरी परीक्षा, जी कुठल्याच कंपनीला ठाऊक नाही, ती म्हणजे अकोला. आमच्या मे महिन्यात त्या काळ्या रेक्झिनच्या गाद्या कानांवर ठेवून कॉटन मार्केटपर्यंत जाऊन यायचं. परत येईपर्यंत कानांची भजी होतात. स्वस्तातल्या मालात या तिन्ही परीक्षांना उतरणारा नग क्वचित सापडतो, आणि सापडला की मला दिवसभर बरं वाटतं.

काकू त्या दिवशी काकांना घेऊन आल्या त्याला कारण झालं होतं. आदल्या आठवड्यात मागून येणाऱ्या ई-रिक्षाचा भोंगा काकांना ऐकू आला नव्हता. पडले, कोपर सोलवटलं, थोडक्यात निभावलं. शिबिरात मिळालेलं कानातलं यंत्र होतं, पण ते शिट्ट्या मारतं म्हणून काकांनी ते देवघरातल्या कोनाड्यात ठेवून दिलं होतं, आणि काकू त्यालाही सकाळी फूल वाहत असत. पुण्याला असलेल्या किशोरने, त्यांच्या मुलाने, फोनवर सांगितलं होतं की मोबाइलमध्ये हल्ली एक सोय असते. फोनच आजूबाजूचा आवाज उचलतो, वाढवतो आणि हेडफोनमध्ये सोडतो. त्याने आपला जुना फोनही पाठवला होता.

"यायले आयकू येईन असं काही दे," काकू म्हणाल्या होत्या. "मले बाकी काही नोको. रस्त्यानं जिते घरी आले पायजे."

ते ढमढमवालं प्रकरण मी उतरवून ठेवलं आणि कानात खुपसायच्या गोळ्या काढल्या. काकांच्या कानांत वर्षानुवर्षं रुईचे बोळे कोंबलेले असायचे, त्यामुळे भोकं चांगली रुंद झाली होती. लहान गोळी बसेना, मोठी दुखेना पण थांबेना. काकांनी मान हलवली की एक कुठेतरी काउंटरखाली जायची आणि मी तिच्यामागे गुडघ्यांवर. तिसऱ्यांदा वाकलो तेव्हा काकू म्हणाल्या की याच्यापेक्षा कोंबडी पकडणं सोपं.

मग बिनतारी. माझा आवडता नग, हलका, गादी मऊ, चष्म्याच्या काडीवर दाबत नाही. मी सोय चालू केली आणि काकूंना बोलायला लावलं. त्या बोलल्या. काकांच्या चेहऱ्यावर काहीतरी उमटलं, म्हणजे आवाज पोचत होता. पण ते अस्वस्थ झाले. काकूंच्या तोंडाकडे बघत आणि कान हाताने दाबत राहिले.

"इचं तोंड पयले हालते," ते ओरडले, "अन् आवाज मांगून येते. भुताटकी हाये का?"

मी थक्क झालो. बिनतारी मालात आवाज थोडा उशिरा पोचतो हे खरं, पण तो एवढासा उशीर माझ्या भल्याभल्या गिऱ्हाइकांच्या लक्षात येत नाही. काकू मात्र सहज म्हणाल्या, जिनातली माणसं तोंडाकडे बघतातच. पाणी, चल, जेवण, असे चार-दोन शब्द त्यांना ओठांवरून कळतात. तेवढेच, बाकी अंधार.

दुकानात आता दाखवण्यासारखं काही उरलं नव्हतं. खिळ्याला एक हेडफोन लटकत होता, पण तो दाखवायची मला लाज वाटत होती. बारीक पत्र्याची पट्टी, दोन्ही टोकांना काळ्या स्पंजच्या चकत्या आणि साधी तार. आमच्या लहानपणी वॉकमनला असायचा तसला. त्याचा आवाज टिनाच्या डब्यातून आल्यासारखा, तबला तर त्यात मेलाच म्हणायचा. पोरं त्याला हात लावत नाहीत. धूळ झटकून मी तो काकांच्या डोक्यावर ठेवला, पिन फोनच्या भोकात घातली, फोन काउंटरवर काकूंच्या पुढ्यात ठेवला आणि त्यांना बोलायची खूण केली.

काकूंना काय बोलावं सुचेना. नेहमी एक-दोन शब्द ओरडायची सवय, त्यात आता सगळे बघतायत. काका कंटाळून रस्त्याकडे तोंड करून बसले होते. शेवटी काकू न ओरडता, घरात आपण आपल्या माणसाशी बोलतो तेवढ्याच आवाजात म्हणाल्या, "चहा घेता का थोडासा?"

काका दचकले. त्यांनी मागे पाहिलं, दाराकडे पाहिलं, पायरीवर कुणी आहे का ते वाकून पाहिलं.

"कोन म्हातारी आली?" त्यांनी विचारलं.

मी काकूंकडे बोट दाखवलं. काका त्यांच्याकडे बघत राहिले.

"तू बोलली?"

"मंग कोन बोलते," काकू म्हणाल्या, आणि काकांना तेही ऐकू आलं. ते मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. मी कितीतरी माणसांच्या डोक्यावर हेडफोन ठेवले आहेत आणि कितीतरी चेहरे खुललेले पाहिले आहेत. असा चेहरा पाहिला नव्हता. काकांनी काकूंचा आवाज शेवटचा ऐकला तेव्हा त्या तरण्या होत्या, अंगणातून हाक मारली तर मोर्णा नदीच्या पलीकडे ऐकू जाईल अशा खणखणीत. तोच आवाज काकांनी मनात जपून ठेवला असणार. मधली सगळी वर्षं तो तिकडे तरणाच राहिला, आणि इकडे काकूंच्या गळ्यात त्याला सुरकुत्या पडल्या.

"म्हातारी झाली तू," काका म्हणाले. हळू आवाजात म्हणाले. आपला स्वतःचा आवाजही त्यांना ऐकू येत होता ना, म्हणून तो आपोआप खाली आला होता. मी जन्मापासून त्यांच्या शेजारी राहतो, पण उत्तमकाकांचा खरा आवाज मी मोठेपणी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. खर्जातला, मऊ, जरा लाजरा.

काकू हसायला लागल्या आणि हसता हसता त्यांनी पदर डोळ्यांना लावला. मला काय करावं कळेना म्हणून मी चहा सांगितला.

चहा येईपर्यंत काकांनी माझं दुकान ऐकून काढलं. पंख्याचं पातं कुठल्या बाजूला घासतंय ते ऐकलं. प्लॅस्टिकची पिशवी हातात घेऊन चुरगळली आणि परत परत चुरगळली. दाढीचे खुंट खाजवले आणि त्या खरखरीने चकित होऊन पुन्हा खाजवले. चहाचा घोट घेतला तेव्हा थांबले. आपण भुरका मारतो हे त्यांना माहीतच नव्हतं. त्यांनी काकूंकडे चोरट्या नजरेने पाहिलं आणि पुढचा घोट बिनआवाजाचा घेतला.

टिनाच्या डब्याचा आवाज म्हणून मी ज्याला हिणवलं त्यानेच बाजी मारली होती. त्याचं कारण मला नंतर डोकं खाजवल्यावर उमगलं. काकांचे गेले होते ते बारीक, धारदार आवाज, ज्यांच्यामुळे शब्द शब्दासारखा कळतो. भारी हेडफोन त्यांना ढमढम देत होता, जे त्यांच्याकडे आधीच होतं. या भिकार पट्टीत ढमढम नव्हतंच, निव्वळ कडा होत्या. शिवाय तार असल्याने तोंड आणि आवाज एकत्र यायचे. मी खिळ्यावर धूळ खात टाकलेली वस्तू एका माणसाला त्याची बायको परत देत होती.

पुढचे काही दिवस आमच्या जुन्या शहरात दुसरा विषय नव्हता. शर्टाच्या खिशात फोन, डोक्यावर पट्टी, कानांवर काळे स्पंज, अशा थाटात काका गल्लीत फिरायचे आणि ऐकायचे. तव्यावर भाकर फुगताना हलकी फुस्स होते ती त्यांनी काकूंना चारदा भाकर करायला लावून ऐकली. पिंपळाला बांधलेली बकरी पाला खाते तिच्यासमोर उकिडवं बसून ऐकत राहिले. लोक चेष्टा करायचे, काका आता बकरीची मुलाखत घेणार म्हणायचे, आणि आता चेष्टाही त्यांना ऐकू यायची, त्यावर ते हसायचे. किशोरचा फोन आला तेव्हा पलीकडून नुसतं "बाबा" आलं, आणि काका उत्तर द्यायचंच विसरले. किशोर तिकडून हॅलो हॅलो करत राहिला.

दुपारी दुकानात येऊन काका मला रोजचा अहवाल द्यायचे. वजन नाही, चष्म्याला आड येत नाही, विसरायला होते. माझ्या दुसऱ्या परीक्षेत तो नग पैकीच्या पैकी उतरला होता. तिसरीत मात्र अडला. घामाने स्पंज ओला व्हायचा, चिकटायचा आणि कानाला खाज सुटायची. यावर काकूंनीच उपाय काढला. जुन्या, धुऊन धुऊन सायीसारख्या झालेल्या लुगड्याचे दोन गोल तुकडे कापून त्यांनी स्पंजवर खोळी शिवल्या. रोज एक जोड धुवायचा, एक घालायचा. मी बोट लावून पाहिलं. सगळ्या जगातल्या कंपन्यांना मी हे दाखवायला तयार आहे.

इथवर सगळं गोड होतं. मग एक दिवस जेवताना माझी बायको करिश्मा म्हणाली, "काकू सांजच्या बोलत नाई आताशा."

मी घास हातात धरून बसलो. खरंच होतं ते.

आमचं आणि काकांचं घर एका भिंतीचं, ओटेही एकमेकांना लागून. भिंतीला कान असतात म्हणतात, आमच्या भिंतीला तोंडही होतं. दिवेलागणीला काकू ओट्यावर भाजी निवडायला बसत, समोर काका बसत, आणि काकू बोलायला लागत. काकांना ऐकू येत नाही हे जगजाहीर, त्यामुळे त्या काहीही बोलत. दूधवाल्याने पाणी घातलं, गुडघा ठणकतोय, सुनेने फोन केला नाही. कधी काकांच्या तोंडावर काकांचीच उणीदुणी, की या माणसाने मला कधी कुठली जत्रा दाखवली नाही. काका शांतपणे समोर बसलेले. आणि सगळं बोलून झालं की शेवटी, न चुकता, आरती.

आरती म्हणजे किशोरची मोठी बहीण. माझ्याच वयाची होती, आम्ही दोघं याच ओट्यावर सागरगोटे खेळायचो, आणि ती मला हरवून वर चिडवायची. दुसरीत असताना तापाने गेली. तिला पोचवून आल्यावर काका दारातच थांबले आणि म्हणाले की या घरात तिचं नाव निघालं तर मी या घरात राहणार नाही. त्यांनी हे रागाने म्हटलं नव्हतं. त्यांना सोसत नव्हतं म्हणून म्हटलं होतं, आणि काकूंनी ते पाळलं. वर्षानुवर्षं त्या घरात ते नाव निघालं नाही. मग काकांचे कान गेले, आणि कधीतरी एका संध्याकाळी भिंतीपलीकडून मी ते नाव ऐकलं. तेव्हापासून रोज. काकूंच्या बोलण्यात आरती वाढत गेली. तिचं लग्न झालं, ती पातूरला दिली गेली, तिला मुलगी झाली. "आरती असती तं," एवढं म्हणून काकू सुरुवात करायच्या. आमच्या घरात त्या वेळी कुणी टीव्ही लावत नसे.

दुसऱ्या दिवशी काकू एकट्याच दुकानात आल्या. बराच वेळ इकडचं तिकडचं झालं, मग त्यांनी विचारलं, "धर्मा, याच्यात काही खराबी करून देता येते का?"

मला कळेना. गिऱ्हाईक खराबी काढायला आणतं, घालायला नाही.

"सांजच्या टायमाले थोडासा बिघडला पायजे," त्या म्हणाल्या. "बाकी दिवसभर चालू दे."

मी हसलो आणि लगेच हसायचा थांबलो. काकूंनी सांगितलं ते असं. हेडफोन आणला त्याच संध्याकाळी त्या सवयीने बोलायला बसल्या. दूध, गुडघा, सगळं झालं आणि सवयीनेच तोंडातून नाव गेलं. गेल्यावर त्यांना समोरच्या कानांवरचे स्पंज दिसले. काका उठून आत गेले. तेव्हापासून काकू रोज संध्याकाळी गप्प बसतात.

मी म्हटलं, काकू, आता त्यांना ऐकू येतं तर एकदा सरळ बोलून टाका.

"आयकनाऱ्याले कसं सांगू?" त्या म्हणाल्या. "त्यायले सोसत नाई. मले सांगितल्याबिगर सोसत नाई." मग म्हणाल्या, "आयकत नोते, पन समोर बसत होते. माह्यासाठी तेवढं पुरत होतं."

मी त्यांना स्वयंपाकघरात बसून बोला असं सुचवलं. त्यावर त्यांनी गॅसच्या शेगडीशी बोलायला मी वेडी आहे का असं विचारलं, आणि ते बरोबरच होतं. कुठल्या कानाला कुठला नग बसेल हे सांगणारा मी, माझ्याकडे काकूंना द्यायला काही नव्हतं. काकांचा जीव वाचवायला त्यांनी जे आणलं त्याने त्यांचं रोजचं एक माणूस हिरावून नेलं होतं, आणि हेडफोन परत घे असं म्हणायलाही त्या तयार नव्हत्या. "रस्त्यानं जिते घरी येते," जाताना त्या म्हणाल्या. "राहू दे."

त्यानंतर काका दुकानात आले ते अहवाल न देता. स्टुलावर बसले. मग तार बोटाशी गुंडाळत त्यांनी त्यांच्या त्या नव्या, हळू आवाजात विचारलं, "पिन काढली का पुरं बंद होते न? जरासंबी येत नाई?"

मी सांगितलं की पिन काढली की काहीच येत नाही, तुमचे कान जसे होते तसे. काकांनी मूठ गोल फिरवली, म्हणजे ठीक, आणि निघून गेले. मला वाटलं, झोपताना काढून ठेवायची असेल.

मग बाजार बंदचा दिवस आला. संध्याकाळी करिश्माने अंगणात पाणी शिंपडलं होतं, मी आमच्या ओट्यावर पाय पसरून बसलो होतो. शेजारी काकू मेथीची जुडी घेऊन बसल्या. अगदी गप्प. काका आतून आले. आधी त्यांनी ओट्याच्या कडेच्या खांबावरचा बल्ब लावला, मग नेहमीच्या जागी, रस्त्याकडे पाठ करून काकूंच्या समोर बसले. हेडफोन डोक्यावर होता.

त्यांनी खिशातून फोन काढला. पिन उपसली. ती काकूंना दिसेल अशी, मेथीच्या शेजारी ओट्यावर ठेवली. काकूंनी हातातली काडी तशीच धरून त्या पिनकडे पाहिलं.

काकांनी दोन्ही तळवे उताणे केले आणि त्यांच्यापुढे धरले.

मशीन बंद आहे, हात घाल.

काकूंना पटकन कळलं नाही, की कळलं आणि विश्वास बसला नाही, मला सांगता येणार नाही. काकांनी हात मागे घेतले नाहीत. म्हातारे, तेलाने कायमचे काळे झालेले तळवे ते तसेच धरून राहिले. जिनात असे धरत तेव्हा माणसं आपली बोटं बेधडक आत घालायची. मला त्या वेळी आमच्या गल्लीचा, त्या ओट्याचा, सगळ्याचाच फार अचंबा वाटला.

काकूंनी मान खाली घातली आणि मेथी निवडायला लागल्या. अर्धी जुडी झाली आणि दूधवाल्यापासून सुरुवात झाली. मग गुडघा. मग काकांची उणीदुणी, की त्यांनी बकरीचं ऐकलं पण बायकोला कधी जत्रा दाखवली नाही. काका शांतपणे समोर बसलेले. मी ऐकू नये म्हणून उठणार होतो, तेवढ्यात काकूंनी मान वर केली. शेवटचं बोलताना त्या नेहमीच मान वर करून काकांकडे बघत.

"आरती असती तं," त्या म्हणाल्या.

खांबावरच्या बल्बचा उजेड सरळ त्यांच्या तोंडावर पडला होता. हा बल्ब मी वर्षानुवर्षं बघत आलो होतो. काकूंना भाजी नीट निवडता यावी म्हणून काका रोज तो लावतात आणि आपण उजेडाच्या बाहेर बसतात असं मला वाटायचं. काकांचं तोंड अंधारात होतं, काकूंना ते दिसत नव्हतं. पण मी बाजूला होतो, आणि मागच्या रस्त्यावरच्या दिव्यामुळे मला त्यांच्या चेहऱ्याची कड दिसत होती. त्यांची नजर काकूंच्या ओठांवर खिळली होती.

काकूंनी पुन्हा ते नाव घेतलं. त्यांच्याबरोबर काकांचे ओठ हलले, तीच तीन अक्षरं, आवाज न करता, रोजची सवय असल्यासारखे.

काकूंनी मान खाली घातली आणि मेथीची दुसरी जुडी सोडली.